डीस्ट्रेच: पुसट शैलचित्रांना उत्तम, थरांच्या क्रमाला अपुरं

इमेजजे या चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या मोफत प्रोग्रामवर चालणारं, फोटोतले पुसट रंग उठावदार करणारं जॉन हार्मन यांचं डीस्ट्रेच हे प्लगइन (जोड-प्रोग्राम) शैलचित्रांच्या नोंदणीत आता सर्रास वापरलं जातं. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकासारख्या ठिकाणी, जिथे एकाच भिंतीवर पांढऱ्या आणि लाल चित्रांची गर्दी एकावर एक चढलेली आहे, तिथे त्याचा खरा कस लागतो.

फोटोतले लाल, हिरवा, निळा हे चॅनेल (रंगांचे वेगवेगळे थर) बहुतांशी एकत्रच कमी-जास्त होतात. डीस्ट्रेच त्यांचा हा संबंध तोडून उरलेला बारीक फरक ताणतं. त्यामुळे नुसता गुलाबट डाग वाटतो तिथे शिंगं, पाय, शेपूट दिसू लागतात. त्यातल्या रंगांच्या तयार सेटिंगांपैकी गेरूसाठी वायबीआर किंवा एलआरई लावा, काळ्यासाठी वायबीके. स्केल, म्हणजे ताणाचं प्रमाण, मुळात १५ असतं. फोटोत रंगीत दाणे उठले तर १० वर आणा. आधी फक्त चित्राचा भाग सिलेक्ट करा. शेवाळ किंवा आकाश आत आलं की सगळा हिशेब त्यांच्या रंगांकडे झुकतो.

फोटो रॉ किंवा टिफ अशा, माहिती न गाळणाऱ्या फाइलमध्ये हवा, यात तडजोड नको. जेपीईजी रंगाची माहिती कमी बारकाईने साठवतं आणि चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. ताण दिला की तेच चौकोन भिंतीवर फरशीसारखे उमटतात आणि कडा विश्वासाच्या राहत नाहीत. फोटो सावलीत, आयफ्राओची (शैलकला संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची) १० सेंमी पट्टी ठेवूनच काढा. अर्धं ऊन, अर्धी सावली असेल तर तो फोटो बाद.

आता कमतरता. वर कोणता रंग आणि खाली कोणता, हे डीस्ट्रेच सांगत नाही. गडद लाल फिक्या पांढऱ्याखाली असला तरी ताणल्यावर तोच वर आल्यासारखा भासतो. वालुकाश्मातले लोहाचे नैसर्गिक डागही गेरूसारखेच चमकतात. म्हणून दोन रेषा छेदतात तिथे यूएसबी मायक्रोस्कोप लावून तिरप्या उजेडात कड बघावीच लागते. हातातल्या एक्सआरएफवरही (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) भिस्त नको: किरण पातळ थरातून आरपार जातात आणि खालच्या थराचं, खडकाचंही लोह मोजून बसतात. वाद उरलाच तर परवानगी काढून १ मिमीपेक्षा लहान कपचा रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवून, घासून आडवा छेद बघायचा. पण चित्राला इजा होते, त्यामुळे हा शेवटचा उपाय.

कोकणातल्या कातळशिल्पांसाठी मात्र हे घेऊ नका. तिथे रंग नाही, खोदकाम आहे, फोटोग्रामेट्री (अनेक फोटोंवरून त्रिमितीय आकार उभा करणं) बरी.