'उल्लास' साक्षरता वर्ग : सही जमते, पासबुकाचं काय?

केंद्राचा 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम' 2022 ते 2027 या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या कुठल्याही असाक्षर व्यक्तीला त्यात नाव नोंदवता येतं, शिकवतात ते बिनपगारी स्वयंसेवक. 2011 च्या जनगणनेत पुरुष साक्षरता सुमारे 81 टक्के आणि स्त्रियांची 65 च्या आसपास होती. त्यामुळे योजना सर्वांसाठी असली तरी ती जोखायची बायकांच्या गरजेवर.

परीक्षा 150 गुणांची : वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. प्रत्येक भागात 33 टक्के मिळाले की प्रमाणपत्र. पहिल्यांदाच पेन धरणाऱ्या बाईला धीर यावा म्हणून ही पट्टी ठीक आहे. पण तेवढ्यावर कर्जाचा कागद वाचता येत नाही, आणि गरिबीशी गाठ पडते ती नेमकी तिथे.

अडतं कुठे? अक्षरओळख सोप्या शब्दांनी होते, जोडाक्षरं शेवटी येतात. आता पैशांचे शब्द बघा : रक्कम, व्याज, हप्ता, कर्ज, स्वाक्षरी. एकही जोडाक्षराशिवाय नाही! तोवर सुगी येते, वर्ग विरळ होतो आणि हे शब्द राहूनच जातात. स्वयंसेवकाने हे पाच शब्द पहिल्याच महिन्यात चित्रासारखे ओळखायला शिकवावेत, फोड नंतर करता येते.

आकड्यांत ठरलेली चूक म्हणजे 'एक हजार पन्नास' ऐकून 100050 लिहिणं. ऐकू येतं तसं उतरवलं जातं. हजार, शतक, दशक, एकक अशी चार घरं आखून रोज पैसे काढायची स्लिप भरून घेतली की ही चूक सुटते. पाढे पाठ करून ती सुटत नाही.

आणखी एक, फार साधं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला 'डोक्यात शिरत नाही' म्हणण्याआधी तिला जवळचं दिसतंय का ते पाहा. बऱ्याचदा चष्माच हवा असतो.

सगळ्यात लंगडा भाग परीक्षेनंतरचा. योजनेच्या पाच घटकांत निरंतर शिक्षण आहे, जीवनकौशल्यं आहेत, व्यवसाय कौशल्यंही आहेत. पण चर्चा होते ती परीक्षार्थींच्या संख्येची. सराव तुटला की अक्षरं विसरतात. बचत गट हाताशी असेल तर इतिवृत्त आणि हप्त्यांची वही सचिवाकडेच न ठेवता दर बैठकीला पाळीपाळीने नवसाक्षर बाईकडे द्यावी. बेरीज चुकली तर तिथल्या तिथे सगळ्यांसमोर जुळवून घ्यावी, वही घरी नेऊन दुसऱ्याकडून लिहून आणू देऊ नये.