लिथियमच्या नावाखाली जुनं शिसं: माझे 1,86,500 रुपये कसे गेले

हे लिहायला तीन आठवडे लागले, कारण खरा आकडा मी घरीसुद्धा सांगितला नव्हता. आता सगळ्यांना कळलाच आहे, तर सांगतो. 1,86,500 रुपये. एका पैशाची उधारी नाही, सगळे चुकते केलेले.

गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर मी गेल्या वर्षी घेतला. निवृत्तीनंतर आईला आणि हिला घेऊन कोकणात फिरायचं, हॉटेलच्या खोल्या शोधत बसायचं नाही, एवढीच इच्छा होती. ट्रेलर चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आत विजेची सोय नव्हती. ती करून घेतली तुर्भ्याकडच्या एका गाळ्यात. नाव लिहीत नाही, वकिलांनी सक्त मना केलंय.

हिशेब असा दिला: 100 अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या 92,000. गाडी चालू असताना त्या चार्ज करणारा 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर 28,500. छपरावर 100 वॅटची दोन सोलर पॅनेल कंट्रोलरसकट 24,000. इन्व्हर्टर 14,500, वायरिंग आणि फ्यूज 17,500, मजुरी 10,000. पक्कं बिल हवं असेल तर वर 18 टक्के, म्हणजे 33,570. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी कच्च्या कागदावर काम केलं. 60,000 यूपीआयने आणि 1,26,500 रोख. रोख का? तर बॅटरीवाल्याला आजच द्यायचेत, नाहीतर माल दुसरीकडे जाईल. ही घाई दिसली की पाकीट खिशातच ठेवा.

आता जे लिहितोय ते रोज रात्री डोळ्यांपुढे येतं. बॅटऱ्या बसवायच्या दिवशी मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा घेत बसलो होतो. दोन पोरं टेम्पोतून एक बॅटरी उतरवत होती. एकाने एका बाजूचा पट्टा धरलेला, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूचा. दोघं वाकून, पाय फाकून चालत होती. दाराच्या उंबऱ्यावर एक जण थांबला, बॅटरी मांडीवर टेकवली, हात झटकला आणि पुन्हा उचलली. मी म्हणालो, ‘‘सांभाळून रे, पायावर पडेल.’’ एवढंच म्हणालो.

तीस वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात खरेदी विभागात काढली. काट्यावर टाकल्याशिवाय एक पोतं आत घेतलं नाही. लिथियमची 100 अँपिअर-अवरची बॅटरी साधारण 11 ते 13 किलोची असते, एक पोरगा एका हाताने कडी धरून नेतो. तेवढ्याच क्षमतेची शिशाची सीलबंद बॅटरी 30 किलोच्या आसपास भरते. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, हे खरं. पण लिथियम हलकी असते, म्हणून तर मी दुप्पट पैसे मोजत होतो! गाडीला ओढायला वजन कमी पडावं म्हणून! आणि दोन पोरं धापा टाकताना बघूनही मी चहाच पीत राहिलो.

त्यानंतर मला खूश करायला ‘टेस्टिंग’ झालं. इंजिन चालू केलं, ट्रेलरमधल्या डिस्प्लेवर 14.1 व्होल्ट आले, चार्जरच्या डब्यावर हिरवा दिवा लागला. ‘‘काका, बघा, पूर्ण चार्जिंग चालू.’’ मी फोटो काढून भाच्याला पाठवला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे.

व्होल्ट दाखवले, अँपिअर दाखवले नाहीत. सगळी फसवणूक या एका वाक्यात आहे, ट्रेलरवाल्यांनी ते घोकून ठेवावं. वायरमधून करंट (तोच अँपिअरमध्ये मोजतात) वाहत नसेल, तर वायर कितीही बारीक असली तरी दुसऱ्या टोकाला पूर्ण व्होल्टेज दिसतं. ओढ लागली की खरं काय ते कळतं. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत माझ्याकडे 8 मीटर अंतर आहे, जाऊन-येऊन 16 मीटर वायर. त्याने टाकली होती अडीच एमएमची, घरातल्या प्लग पॉइंटला टाकतात ती. तिच्यातून 20 अँपिअर न्यायचे म्हटले तर 2.3 व्होल्टच्या वर वाटेतच पडतात. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, 14 देतो, पलीकडे उरले साडेअकरा. साडेअकरा व्होल्टने 12 व्होल्टची बॅटरी चार्ज होईल कशी? मग आत जातो तो नुसता ठिबकणारा करंट. हीच वायर 16 एमएमची असती तर 0.4 व्होल्टही पडले नसते. शिवाय नव्या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मध्येच व्होल्टेज उतरवतो. म्हणूनच तर मधे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, येईल ते व्होल्टेज घेऊन लिथियमला हवे तेवढे 14.4 करून द्यायला.

तुम्ही म्हणाल, आधी लक्षात कसं आलं नाही? कारण सोलर पॅनेल खरी होती. खारघरला मोकळ्या जागेत ट्रेलर उभा, मे महिन्याचं ऊन, शिवाय पार्किंगमधला प्लग. दोन महिने सगळं झकास चाललं. दिवे लागले, पंखा फिरला, फ्रीज गार. संशय घेणार कुठून?

श्रावणात हरिहरेश्वरला निघालो. पेण, कोलाड, माणगाव, म्हसळा, पाऊस आणि खड्डे धरून सहा तास. आईला मधुमेह आहे, वय 81. इन्सुलिनची पाच नवी पेनं फ्रीजमध्ये. आभाळ भरलेलं, त्यामुळे सोलर शून्य, पण मी निश्चिंत होतो, कारण सहा तास गाडी चालली म्हणजे बॅटरी भरलेलीच असणार. कागदावर दोन बॅटऱ्यांत 2,560 वॅट-अवर वीज होती. फ्रीज, पंखा आणि दोन दिवे दोन रात्री आरामात चालायला हवेत. रात्री दोनला पंखा थांबला. उठून पाहिलं तर फ्रीजचाही दिवा गेलेला. नारळीच्या वाडीत मिट्ट काळोख, आई घामाने जागी. सकाळी फ्रीजमधल्या थर्मामीटरवर 21 अंश. न वापरलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले बाहेर राहिलेलं साधारण चार आठवडे चालतं, तारीख लिहून ठेवा, तेव्हा जीव भांड्यात पडला. पण रात्रीचे ते पाच तास मी कसे काढले ते मला विचारा. गाडीमागचा सेव्हन-पिन प्लग काढला तर एक पिन वितळून प्लास्टिकला चिकटलेली. जळका वास. गाडीच्या बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच. वायर घासून बॉडीला लागली असती तर चालत्या गाडीत आग लागली असती, आणि त्या फ्यूजचे पैसे माझ्याकडून घेतले होते.

परत आल्यावर भाच्याने चार्जरचा डबा उघडला. आत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा साधा स्विच, आणि हिरव्या एलईडीची पट्टी. बस्स. गाडीची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने तशीच बाहेर. डिस्प्लेची वायर गाडीच्या बाजूला जोडलेली, म्हणजे इंजिन चालू असलं की तो 14 दाखवणारच. मग सेक्टरमधल्या भंगारवाल्याच्या काट्यावर बॅटरी ठेवली. 29.4 किलो. त्याने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला, खाली जुना छाप, 2017 सालचा. ‘‘साहेब, ही यूपीएसची आहे, ऑफिसमधून निघालेली,’’ म्हणाला. दोन सेकंदात ओळखली त्याने.

गाळेवाला पहिले दोन दिवस ‘‘बघतो काका’’ म्हणाला, मग फोन बंद.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा सांगितलं, हद्द आमची नाही, गाळा ज्या हद्दीत तिथे जा. तिथे गेलो तर म्हणाले, तुम्ही राहता तिथे द्या. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायलाच हवी, असं कायद्यात स्पष्ट आहे. झिरो एफआयआर कशासाठी आहे मग? तिसऱ्यांदा हे सांगितलं तर साहेब म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, माल आवडला नाही म्हणून गुन्हा होत नाही. माल आवडला नाही? जुन्या बॅटरीवर खोटा स्टिकर लावून विकणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये याच गोष्टीला शिक्षा आहे, सात वर्षांपर्यंत. चौथ्या वेळी त्यांनी माझ्यासमोर आकडा मांडला: यूपीआयचे 60,000 दिसतात, बाकी 1,26,500 चा पुरावा काय? कच्च्या कागदावर सही नाही, शिक्का नाही. शेवटी एफआयआर नाहीच, अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली. आईला दवाखान्यात नेण्याचे दोन दिवस मी त्या बाकावर बसून घालवले. फसवणारा गाळा उघडून धंदा करतो आणि फसलेल्याला पुरावा मागतात, हे कुठल्या न्यायात बसतं?

ग्राहक आयोगात आता तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल असतं तर काम निम्म्या वेळात झालं असतं, हे वकिलांनीच सांगितलं. वाचवलेले 33,570 मला असे पडले.

डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरला चिमटा लावून करंट मोजायचं मीटर, विकत घ्या किंवा मागून आणा, आणि इंजिन चालू असताना ट्रेलरच्या बॅटरीवरचे अँपिअर स्वतः मोजा, तेही बॅटरी अर्धी उतरलेली असताना. खरी लिथियम पूर्ण भरून तासभर नुसती ठेवली तर 13.3 व्होल्टच्या आसपास दाखवते. माझी 12.7 दाखवायची आणि मी तेच बरोबर समजत होतो. आणि चार्जरचा डबा उघडू देत नसेल, तर काम तिथेच थांबवा.

गेल्या वर्षभरात तुर्भे-महापे भागातल्या गाळ्यात ज्यांनी ट्रेलर किंवा कॅम्परसाठी लिथियम बसवून घेतली, त्यांनी आज रात्रीच ती सोडवून उचलून बघा. एका हाताने उचलली तर निश्चिंत झोपा. नाही उचलली तर तसंच ठेवा, स्टिकर काढू नका, फोटो घ्या, आणि मला कळवा. पोलिसांकडच्या माझ्या अर्जावर सध्या एकच सही आहे.