निळा दिवा आणि माझे २७,०४९ रुपये

तेहतीस वर्षे बँकेत रोखपालाच्या खिडकीमागे बसून खोट्या नोटा ओळखणाऱ्या बाईला कीड मारायला आलेल्या पंचविशीतल्या एका पोराने दोन तासांत गंडवले, हे लिहिताना मान खाली जाते. तरीही लिहिते आहे, कारण गौरी-गणपतीच्या तोंडावर घरोघरी ट्रंका उघडल्या जातात आणि हे लोक नेमके तेव्हाच टपलेले असतात.

सासूबाईंच्या पैठणीची घडी उलगडली, तर जर जशीच्या तशी आणि रेशमाला मसुरीएवढी भोके; शेजारच्या लोकरी शालीत पांढुरक्या जाळ्या. कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड, लागली होती. गौरी आठ दिवसांवर आल्या होत्या. अशा वेळी माणूस मोबाइलवर दिसलेला कीड मारणाऱ्यांचा पहिला क्रमांक फिरवतो. मीही फिरवला, आणि त्यावरून मला कोणी शहाणपण शिकवू नये.

पाहणीचे ४९९ रुपये आधीच घेतले गेले. पोरगा गणवेशात, बुटांवर प्लास्टिकची आवरणे, तोंडी सतत ‘मावशी’. भिंतीला चिकटलेले भोपळ्याच्या बीसारखे करडे, चपटे कोष खरवडून ‘ही कसरीची अंडी, घरभर पसरली आहेत’ असे त्याने सांगितले आणि तिथूनच एका ट्रंकेचे काम चार खोल्यांचे झाले. ती अंडी नव्हतीच. त्या कोषात वेगळ्याच पतंगाची अळी राहते, ती कोळ्यांची जाळी आणि गळलेले केस खाऊन जगते, आणि भिंती-कोपरे नीट झाडले की ती आटोक्यात येते. हे मला नंतर कळले.

पण ते एक वेळ सोडून देऊ. त्या दिव्यापाशी तरी माझे डोळे उघडायला हवे होते. तिन्हीसांजेला त्याने गॅलरीच्या दारात एक निळा दिवा टांगला, अर्ध्या तासात त्याखालच्या ताटलीत वीस-पंचवीस किडे जमले, आणि ‘बघा मावशी, हे सगळे तुमच्या कपाटातले’ म्हणून ताटली माझ्या हातात ठेवली. श्रावणात उघड्या दारात दिवा लावला तर किडे येणार नाहीत तर काय येईल? कसरीचा पतंग फिक्या सोनेरी रंगाचा, गव्हाच्या दाण्याएवढा असतो आणि तो उजेडाला भितो. त्याच सकाळी ट्रंकेचे झाकण उचलताच दोन पतंग अंधाऱ्या घडीत पळताना मी याच डोळ्यांनी पाहिले होते. दुपारभर तेच आठवत होते, आणि संध्याकाळी ताटली हातात घेऊन मी ‘अरे देवा’ म्हणाले! शिवाय पतंग कपडे खातच नाही, खाते ती अळी. तेव्हा पतंग मोजून दाखवणाऱ्याला तिथेच दार दाखवावे.

आधी भाव ३८,५०० सांगितला, मग ‘तुमच्यासाठी म्हणून’ २२,५०० आणि वर जीएसटीचे ४,०५०, म्हणजे २६,५५०. त्यातले २०,००० यूपीआयने गेले आणि ६,५५० रोख. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता, परवान्याचा उल्लेख नव्हता, फक्त तीन वर्षांची हमी ठसठशीत छापलेली. जन्मभर लोकांना ‘वाचून सही करा’ म्हणणाऱ्या मी ती पावती घडी करून पर्समध्ये टाकली. फवारणी करताना त्याने ट्रंक रिकामीसुद्धा केली नाही. डांबर गोळ्यांचा वास तेवढा दरवळला. बाराव्या दिवशी शालीत पुन्हा अळ्या होत्या आणि त्याचा फोन बंद होता.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात होते. दुसऱ्या खेपेला ऐकायला मिळाले की फवारणी झाली आहे, तेव्हा ही फसवणूक नव्हे, ‘सेवेतली त्रुटी’ आहे, ग्राहक आयोगाकडे जा. आयोगाकडे जायचे तर नोटीस पाठवायला पत्ता हवा, पत्ता शोधायचा तर पोलीस हवेत, आणि पोलिसांच्या मते हे त्यांचे काम नाही! घरोघरी कीटकनाशक फवारण्याचा धंदा करायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, म्हणून मी संबंधित कार्यालयाचे तीन मजले चढले. तिथे ‘बाई, आम्ही शेतीच्या औषधांचे बघतो’ म्हणून बोळवण झाली. मागे बसलेला एक कर्मचारी हसत म्हणाला, ‘एका साडीसाठी एवढे?’ साडी कोणाची होती हे त्याला सांगण्याची माझी इच्छा उरली नाही.

परवान्याची प्रत पाहिल्याशिवाय कोणाला उंबरठा ओलांडू देऊ नका आणि रोख रक्कम तर देऊच नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवताना पैसे गेलेल्या यूपीआय खात्याचा तपशील हाताशी ठेवा. माझ्याकडे आता तेवढाच धागा आहे. कपडे घामट किंवा डागाळलेले ठेवू नका, कसर तिथेच आधी लागते. डांबर गोळ्या घट्ट झाकणाच्या पेटीतच उपयोगी पडतात, फटी असलेल्या कपाटात नाही. शाल मी शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली, मग शिवणी ब्रशने झाडून काढल्या; खर्च शून्य. पैठणी रफूवाल्याकडे आहे. त्याने १,८०० रुपये सांगितले आणि मी न मागता नाव-पत्ता छापलेली पावती दिली, जी मी दुकानातच उभी राहून दोनदा वाचली.