'इन्क्विझिशन' की 'बाल्डर्स गेट ३': क्वीअर पात्रांसाठी आधी कोणता गेम घ्यावा?

'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' आणि 'बाल्डर्स गेट ३' हे दोन्ही रोल-प्लेइंग गेम आहेत, म्हणजे आपण नायक घडवायचा, साथीदार घेऊन हिंडायचं आणि हवं तर त्यांच्यातल्या कोणाशी प्रेमही जुळवायचं. दोन्ही गेम सहज शंभर तास खातात, त्यामुळे 'दोन्ही खेळा' या सल्ल्याचा फारसा उपयोग नाही. लढाई, नकाशा, ग्राफिक्स हे सगळं बाजूला ठेवतो. प्रश्न एवढाच की समलिंगी आणि ट्रान्स पात्रं कुठे नीट जगताना दिसतात. (पुढे दोन्हींच्या कथेतल्या गोष्टी उघड होतात.)

'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये (२०१४) प्रत्येक साथीदाराला नायक कोण असला की प्रेम जुळेल, हे आधीच ठरलेलं आहे. डोरियनला पुरुषच आवडतात, सेराला बायकाच. जोसेफीन आणि आयर्न बुल यांना कोणीही चालतं. कसांड्रा फक्त पुरुष नायकाची, ब्लॅकवॉल फक्त स्त्री नायिकेचा. कलनला मानव किंवा एल्फ (टोकदार कानांचा काल्पनिक वंश) स्त्रीच लागते आणि सोलासला तर फक्त एल्फ स्त्री. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) ही भानगडच नाही. अस्टारियन, गेल, कार्लाक, लेझेल, शॅडोहार्ट, विल, सगळे सगळ्यांना खुले.

आपला नायक स्वतः ट्रान्स किंवा नॉनबायनरी हवा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, सरळ 'बाल्डर्स गेट ३' घ्या. तिथे शरीराची ठेवण, आवाज, जननेंद्रियं आणि स्त्री, पुरुष वा नॉनबायनरी ही ओळख असं सगळं वेगवेगळं निवडता येतं. छावणीतल्या जादूच्या आरशापुढे बसून यातलं बरंचसं नंतर बदलताही येतं, फक्त वंश आणि शरीराची ठेवण बदलत नाही. 'इन्क्विझिशन' सुरुवातीलाच पुरुष की स्त्री एवढं विचारतो आणि तो विषय तिथेच संपवतो. ब्लॅक एम्पोरियम या दुकानातला आरसा चेहरा बदलून देतो, लिंग आणि वंश नाही. वीस तासांनंतर डोरियन आवडायला लागला आणि नायिका स्त्री असेल, तर नव्याने सुरुवात करण्यावाचून इलाज नाही.

एवढं असूनही माझा कल 'इन्क्विझिशन'कडे आहे, आणि त्याला कारण एक कुरबुर आहे. सगळ्यांना सगळे चालतात म्हटलं की पात्राचा कल समोर कोण उभं आहे त्यावर ठरतो. 'ड्रॅगन एज २'मध्ये (२०११) हे फार उघडं पडलं होतं. त्या गेमचा नायक हॉक पुरुष असेल तर साथीदार अँडर्स त्याला सांगतो की त्याचा जुना मित्र कार्ल आणि तो प्रेमी होते. हॉक स्त्री असेल तर तेवढंच वगळतो. गोष्ट तीच, पण ऐकणारा बदलला की त्यातलं प्रेमच गायब. 'बाल्डर्स गेट ३' इतका ढोबळपणा करत नाही, तरी ग्रोव्ह ही वस्ती वाचवल्यावर छावणीत टीफलिंगांची (तिथे आसरा घेतलेले शिंगवाले लोक) मेजवानी होते, तिथे एकेकाशी बोलून बघा. नायक कोणीही असो, आमंत्रण जवळपास त्याच शब्दांत येतं, निदान माझ्या कानाला तरी तसंच वाटतं. 'तू चांगली आहेस, पण मला बायका आवडत नाहीत' असं इथे कुणीच म्हणत नाही. 'इन्क्विझिशन'मधली कसांड्रा मात्र म्हणते. स्त्री नायिकेने हृदयाचं चिन्ह असलेले संवाद निवडत राहिलं की ती बाजूला घेऊन, जरा अवघडत, नकार देते. त्या नकारामुळे ती माणूस वाटते.

डोरियनचंही तसंच. स्कायहोल्ड या नायकाच्या किल्ल्यात पोचल्यावर मदर जिझेल ही धर्मसेविका त्याच्या घरून आलेलं पत्र घेऊन येते. रेडक्लिफ गावच्या गुत्त्यात घरचा नोकर भेटेल म्हणून जावं, तर समोर खुद्द वडील उभे. मुलगा पुरुषांवर प्रेम करतो म्हणून रक्तजादूने त्याला 'बदलायचा' घाट या बापाने घातलेला असतो. इथे निघून जाता येतं किंवा डोरियनला बापाचं ऐकून घ्यायला सांगता येतं. बापाला माफ करायलाच हवं असा आग्रह गेम धरत नाही. नायिका स्त्री असली, प्रेमाचा काही संबंध नसला, तरी हा प्रसंग असाच घडतो. मला मुद्दा हाच वाटतो. डोरियनचं समलिंगी असणं त्याचं स्वतःचं आहे.

दोषही आहेत. समलिंगी पात्र म्हटलं की छळाची कहाणी आलीच, याचा ज्यांना कंटाळा आला आहे त्यांना हे जड जाईल, आणि त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. क्रेम हा बुलच्या तुकडीतला ट्रान्स पुरुष छान लिहिलाय, पण त्याचा आवाज जेनिफर हेल या अभिनेत्रीचा आहे आणि नायकाने त्याला विचारायचे काही प्रश्न आज कानाला खटकतात. याउलट 'बाल्डर्स गेट ३'मधली नॉक्टर्न ही ट्रान्स स्त्री, आणि तिला आवाज दिलाय तो ॲबिगेल थॉर्न या ट्रान्स अभिनेत्रीने. मात्र ती भेटते थेट तिसऱ्या अंकात, शार या देवीच्या अनुयायांच्या हाउस ऑफ ग्रीफमध्ये, आणि तीही थोडाच वेळ. गंमत म्हणजे त्या गेममधलं सगळ्यात जिवंत जोडपं आयलिन आणि इझोबेल हे आहे, म्हणजे ज्यांचं प्रेम आधीच ठरलेलं आहे आणि तुमच्यासाठी खुलं नाही अशा दोघी.

'इन्क्विझिशन' घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. डोरियन आणि बुल यांच्यापैकी कोणाशीच तुमचं जुळवलं नाही आणि दोघांना सोबत घेऊन हिंडलात, तर त्यांचं आपापसात जुळू शकतं. पण हे सगळं चालताचालता होणाऱ्या गप्पांतून घडतं. घोड्यावर बसलं की साथीदार दिसेनासे होतात आणि गप्पाही बंद पडतात, म्हणून पायीच फिरा. दुसरं, बुलच्या मोहिमेत कुनारींचं (बुलच्या लोकांचं) जहाज वाचवायचं की चार्जर्स ही बुलची तुकडी, अशी निवड येते. जहाज वाचवलंत तर क्रेम मरतो, तेव्हा आधी सेव्ह करून ठेवा.

'बाल्डर्स गेट ३' घेतलात तर लास्ट लाइट इन या सरायीत इझोबेलशी बोलण्याआधी विश्रांती घेऊन मंत्र भरून घ्या. बोलणं झालं की मार्कस हा शत्रू तिला पळवायला येतो, आणि लढाईत ती पडली तर तिने इनवर धरलेलं जादूचं संरक्षण जातं. आत थांबलेल्यांपैकी बहुतेक जण मग वाचत नाहीत, आणि आयलिनची सुटका केलीत तरी भेटायला इझोबेल नसते.