मोबाईल खोलायचं टूलकिट: बिटा लई भारी, चिमटा फालतू

लातूरला गंजगोलाईत घेतलं हे किट, घरीच बॅटरी बदलायची होती म्हणून. बिटा (स्क्रू ड्रायव्हरला लावायची बदलती टोकं) एकदम कडक, आयफोनच्या खालच्या पाच पाकळ्यांच्या स्क्रूला पण बरोबर बसतात, घसरत नाहीत. प्लॅस्टिकची पट्टी तर लईच कामाची कारण बॅटरीजवळ लोखंडी काही घालायचंच नाही, सेलला भोक पडलं की पेटलंच समजा.

चिमटा मात्र टोकाला वाकडा, नुसता नावाला. सक्शन कप (काचेला चिकटवून ओढायचा रबरी कप) ठीकठाक, पण मागची काच हेअर ड्रायरनं गरम केल्याशिवाय हालत नाही.

नवीन असाल तर आधी चार्जिंग २५ टक्क्याच्या खाली उतरू द्या, फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा आणि खोलल्यावर पहिलं बॅटरीचं कनेक्टर सोडवा, बाकी सगळं मग. किटातल्या चुंबकाच्या मॅटवर स्क्रू जसे निघाले तसेच मांडा, कारण लांबी वेगवेगळी असती अन् लांबडा स्क्रू छोट्याच्या जागी आवळला की फोनचा आतला मेन सर्किट बोर्ड गेला बगा. बॅटरी फुगलेली असली तर मात्र उगी शहाणपणा नको, सरळ दुकानात न्या. चिमट्यापायी एक स्टार कापला.