जुना चेन डोझर घ्यायचा: डी-५० की डी-८०?

जुना चेनचा डोझर पाहायला गेलेला माणूस आधी इंजिन चालू करायला लावतो, धूर बघतो आणि आवाजावरून भाव ठरवतो. खरा भाव खाली असतो. इंजिन कसेही असले तरी तालुक्याच्या गावी डिझेलचा मिस्त्री सापडतो. चेन, तिच्यावर वजन पेलणारे रोलर, पुढचे चाक म्हणजे आयडलर आणि मागचे दातांचे चाक म्हणजे स्प्रॉकेट एकदम संपलेले निघाले, तर जुन्या मशीनला जेवढे मोजले जवळपास तेवढेच पुन्हा मोजायची पाळी येऊ शकते. आयुष्यभराच्या देखभालीतला निम्म्याच्या आसपास पैसा अंडरकॅरेजच, म्हणजे चेनसकट हा खालचा सगळा भाग, खाते, असे या धंद्यात धरून चालतात. म्हणून ही तुलना खालून वर जाते.

जुन्या कॅटरपिलरही विकायला येतात, चांगल्याही असतात. पण १९६४ साली स्थापन झालेल्या सरकारी बीईएमएलने (भारत अर्थ मूव्हर्स) जपानच्या कोमात्सूच्या तंत्रावर बनवलेल्या मशीन धरणांच्या कामांपासून कोळशाच्या खाणींपर्यंत सगळीकडे राबल्या. त्यामुळे त्यांचे सुटे भाग आणि त्यांना हात लावलेले फिटर दोन्ही मिळतात. डी-५० आणि डी-८० त्यांच्याच. डी-५० चार सिलिंडरची, शंभरेक अश्वशक्तीची, वजन अकरा-बारा टन. डी-८० सहा सिलिंडरची, १८० अश्वशक्तीच्या आसपासची, वजन वीस टनांच्या घरात.

दोन्हींची चेन मोजायची रीत एकच. स्प्रॉकेटच्या दातात पिन अडकवून मशीन किंचित मागे घ्यायला लावा, म्हणजे वरची चेन ताणली जाते. मग एका पिनच्या मध्यापासून चार कड्या सोडून पाचव्या पिनच्या मध्यापर्यंत टेप धरा. डी-५० चे पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर) १७५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चार कड्यांना सुमारे ७००. डी-८० चे २१६, म्हणजे ८६४. चार कड्यांत दहा-बारा मिलिमीटर वाढ दिसली तर चेन संपली असेच समजा. पाच-सहा दिसली तर पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, फिरवण्याची हीच वेळ. अर्धे वळण दिले की न झिजलेली बाजू दातांवर येते आणि चेनला दुसरे आयुष्य मिळते. ही वेळ टळून बुशाची भिंत पातळ झाली किंवा तडकली, की तो मार्ग कायमचा बंद.

विकणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. ताण देणाऱ्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरून चेन घट्ट करतात, वरून पिवळा रंग मारतात. आयडलर पुढे किती ढकललेला आहे ते बघा. शेवटाला आला असेल तर ताणायला जागाच उरलेली नाही. दोन्ही बाजूंच्या कड्याही मोजा. एका बाजूला एक कमी निघाली, तर ताण बसत नाही म्हणून कडी काढलेली आहे.

इथून पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. डी-५० ची चेन एखादी हायड्रा क्रेन आणि चार माणसे लावून बांधावर उतरवता येते, पिना दाबून काढणाऱ्या प्रेसवाल्याकडे पिकअपने नेता येते. डी-८० ची एका बाजूची चेन शूसकट, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यांसकट, टनाच्या पुढे जाते. ती उतरवणे, नेणे, परत चढवणे यात दिवस जातात, आणि प्रत्येक वेळी क्रेनचे भाडे वेगळे. झिजलेल्या शूवर पट्टी वेल्ड करून घेणे दोन्हीकडे चालते. मुरमाच्या रानात ते फायद्याचेही आहे. रोलरची झिजलेली धाव भरून घेता येते, पण सील गळत असेल तर भरण्याचे पैसे फुकट.

आता इंजिन. डी-५० ला साधा प्लंजरचा पंप असतो, कुठलाही डिझेल पंपवाला तो बाकावर लावून देतो. बऱ्याच डी-८० मध्ये कमिन्सच्या जातकुळीचे एनएच मालिकेचे इंजिन असते, कमिन्सच्याच वेगळ्या पद्धतीच्या पीटी डिझेल पंपाचे. त्याला त्याच कामाचा माणूस लागतो. आपल्याकडे ही अडचण इतरांपेक्षा कमी आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सने पुण्यात कोथरूडला या घराण्यातली इंजिने बनवली, त्यामुळे पुण्याच्या आसपास जाणकार मिस्त्री आणि माल दोन्ही आहेत. परभणीत किंवा गडचिरोलीत बसून डी-८० घेणाऱ्याने मात्र हा प्रवास हिशेबात धरावा.

डिझेलचा हिशेब सरळ आहे. बेताच्या लोडवर डी-५० तासाला दहा ते चौदा लिटर पिते, डी-८० वीस ते अठ्ठावीस. काम दुप्पट होते का? कडक मुरमात रिपर (जमीन फोडणारा मागचा दात) लावून, उतारावर माती लोटताना, होय. काळ्या रानात सपाटीकरण करताना नाही. तिथे डी-८० ची निम्मी ताकद वळण्यातच जाते.

दोन्ही मशीनना हाताने गिअर टाकायचा क्लच असतो. चाचणी अशी: ब्लेड बांधाला टेकवून पहिल्या गिअरमध्ये रेटा. चेन जागच्या जागी फिरली किंवा इंजिन दबून थांबायला आले तर क्लच ठीक. इंजिन मजेत ओरडते आहे, चेन हलत नाही आणि जळका वास येतो आहे, तर मेन क्लच गेला. मग एकेक स्टीअरिंग लिव्हर ओढून ब्रेक दाबा, मशीन त्याच बाजूला जागेवर वळले पाहिजे. वळत नसेल तर मागची बाजू उघडावी लागेल, आणि डी-८० मध्ये ती उघडणे म्हणजे महिन्याभराची गंमत. फायनल ड्राइव्हचा (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचा) ऑइल प्लग मशीन रात्रभर थंड पडून राहिल्यावर सकाळी सैल करा. आधी पाणी आले तर सील गेलेले आहेत. चकचकीत कीस आला तर गिअर. ‘सकाळी या, तोवर गरम करून ठेवतो’ म्हणणाऱ्याकडे पहाटेच जावे, थंड इंजिनच खरे बोलते.

चालू मशीन की लिलावातले बंद? एमएसटीसी या सरकारी कंपनीसारख्यांच्या ई-लिलावात सरकारी खात्यांची पडीक मशीन ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर निघतात. भाव आकर्षक दिसतो. पण स्टार्टर, इंजेक्टर, रेडिएटर, कधी अख्खा पंप आधीच गायब झालेला असतो. बंद मशीनला माझा नियम एकच: त्या दिवशीच्या भंगाराच्या दराने वजनाचे पैसे काढा, त्यात फक्त शाबूत चेन-रोलरची किंमत मिळवा, आणि तिथेच थांबा. इंजिन चालेल या आशेचे पैसे लावू नका. क्रँकच्या पुलीला पहार लावून इंजिन फिरले तर ते नशीब समजा. डी-५० बंद घेऊन उभी करणारे शेतकरी आहेत. बंद डी-८० चा नाद ज्याच्या दारात आधीच एक डी-८० आहे त्यानेच करावा, दुसरीचे भाग पहिलीला लागतात.

पोकलेनचे काय, असे कुणीतरी विचारतेच. तीस बाय तीस बाय तीन मीटरचे शेततळे प्लॅस्टिक कागदासाठी खोदायचे असेल, तर पोकलेनच घ्या किंवा भाड्याने आणा. कडेचा उतार बकेटने जसा तासला जातो तसा ब्लेडने जात नाही. डोझरचा फायदा माती उचलायची नसून पन्नास-साठ मीटर लोटायची असते तेव्हा.

वाहतुकीत फरक आणखी मोठा. डी-५० मध्यम ट्रेलरवर जाते, डी-८० ला बुटक्या तळाचा लो-बेड ट्रेलरच लागतो. गावोगावी दोन-दोन एकराची कामे करणाऱ्याची कमाई मग डोझरऐवजी ट्रेलरवालाच खातो.

माझा कौल: वीस-तीस एकर स्वतःचे रान, वर भावकीची आणि शेजारची कामे, एवढ्यासाठी चांगल्या चेनची पण धुराड्या इंजिनची डी-५० घ्यावी आणि इंजिन लगेच उघडावे. खडीची खाण किंवा घाटातले रस्त्याचे काम हातात लेखी असेल तरच डी-८० कडे वळावे.

कागदांचे एक राहिले. जेसीबीसारखे आरसी बुक या लोखंडी चेनच्या मशीनला बहुधा नसते, म्हणून मूळ बिल किंवा लिलावाचे पत्र, मागच्या प्रत्येक मालकाचे विक्रीपत्र आणि चेसिस-इंजिनवर कोरलेला नंबर जुळवून पाहा. बँकेचे कर्ज अंगावर आहे का तेही विचारा. नंबरची पट्टी नवी, रिव्हेट नवे आणि मालक म्हणतो कागद भावाकडे आहेत, अशा ठिकाणी इसार देऊ नका.