१८५७ शिकवताना: तीस स्लाइड, एक फोटो की व्हीआर?

टीवाय बीएला १८५७ शिकवायचे आहे. वर्गात प्रोजेक्टर आहे, मुलांच्या हातात मोबाइल आहेत, विभागाने थोडे पैसेही देऊ केलेत. ते कशावर खर्च करावेत?

पीपीटी सर्वांत सोपी. मीरत, दिल्ली, कानपूर, लखनौ, झाशी हा सगळा पसारा नकाशावर पाच मिनिटांत समजतो. तेवढ्यासाठी ती जरूर वापरा. पण तीस स्लाइडच्या ओघात चित्रे मजकुराची सजावट होऊन बसतात. मुले मुद्दे उतरवून घेण्यात गुंततात.

दुसरा मार्ग म्हणजे एकच फोटो आणि अख्खा तास. फेलिचे बिआतो या युरोपीय छायाचित्रकाराने काढलेला लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो घ्या. मागे पडझड झालेली इमारत, पुढे काही भारतीय माणसे, एक घोडा, आणि अंगणभर कवट्या नि हाडे. आधी काहीच सांगू नका. मोबाइलवर फोटो मोठा करून दिसेल ते मुलांना लिहू द्या. बरेच जण ‘लढाई नुकतीच संपली आहे’ असे लिहितील. मग फळ्यावर तारखा मांडा. इंग्रज फौजेने सिकंदरबागेत केलेली बंडवाल्यांची कत्तल १६ नोव्हेंबर १८५७ ची. इंग्रजांनी लखनौ पुन्हा घेतले मार्च १८५८ मध्ये, आणि बिआतोचा फोटो त्यानंतरचा. मग इतक्या महिन्यांनी हाडे अशी उघड्यावर कशी? प्रेते झाकलेली होती, छायाचित्रकाराने हट्टाने ती उघडी करायला लावली, असे सर जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आठवणींत लिहिले आहे. इथून वर्गात खरा वाद सुरू होतो: हा फोटो कत्तलीचा पुरावा, की जेत्यांना जगाला काय दाखवायचे होते त्याचा? साधनचिकित्सा (पुरावा कुणी, कधी, कशासाठी तयार केला हे तपासणे) नावाचे जे प्रकरण मुले एरवी परीक्षेपुरते पाठ करतात, ते त्या तासाला त्यांच्या हातून घडते.

याची किंमतही आहे. तयारीला वेळ लागतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. माझ्या मते सत्रात असे दोन-तीन तास झाले तरी पुष्कळ.

व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जागेत फिरणे, दिसते आकर्षक, पण साठ जणांच्या वर्गात चार हेडसेट कुणाकुणाला पुरणार? शिवाय असे ॲप दुसऱ्याच्या मर्जीवर चालते. गुगलने ‘एक्सपिडिशन्स’ २०२१ मध्ये बंद केले, तेव्हा त्यावर बेतलेले पाठही अडले. अजिंठ्याचे लेणे किंवा हंपीचे मंदिर शिकवताना आतल्या जागेचा अंदाज येणे महत्त्वाचे असते. तिथे मात्र त्रिमितीय प्रतिकृतीचा खरोखर उपयोग होतो. १८५७ साठी नाही.

म्हणून पैसे चांगल्या प्रोजेक्टरवर आणि खिडक्यांच्या जाड पडद्यांवर घाला. एआयने रंगवलेल्या आवृत्त्या टाळा. त्यातले रंग अंदाजाने भरलेले असतात. मूळ फोटो संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, आणि मोठा केल्यावर हाडांच्या जागी नुसते डाग दिसतात.